सोलरचा कंट्रोलर 'गेला' म्हणण्याआधी एवढं तपासा

शेतावरच्या खोलीत 12 व्होल्टची बॅटरी, एक सोलर प्लेट आणि साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (प्लेटची वीज चालू-बंद करत बेतानं बॅटरीत सोडणारा डबा) असं ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. बल्ब लागेना झाला की आधी कंट्रोलरवरच खापर फुटतं. गेल्या पावसाळ्यात माझं झटका मशीन (कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं) बंद पडलं तेव्हा कंट्रोलर ठणठणीत होता, बॅटरीच्या प्लसच्या थिंबलखाली (वायरच्या टोकाला असतं ते धातूचं कडं) हिरवट-पांढरी पूड साचलेली आणि वायर नुसती धरली तर हातातच आली.

म्हणून आधी मल्टिमीटर घ्या, स्वस्तातला पण चालतो, फक्त डीसीवर ठेवा. दुपारी कडक उन्हात आधी कंट्रोलरच्या बॅटरीवाल्या दोन स्क्रूंवर मोजा आणि लगेच बॅटरीच्या टर्मिनलवर. 0.1-0.2 चा फरक चालतो, पण कंट्रोलरवर 14.3 आणि बॅटरीवर 13.5 असं दिसलं तर मधे जॉइंट सैल आहे नाहीतर वायर बारीक आहे. कंट्रोलरला वाटतं बॅटरी भरत आली, तो चार्जिंग आवरतं घेतो आणि बॅटरी रोज अर्धपोटीच राहते. बॅटऱ्या लवकर मरतात त्या अशाच.

प्लेट तपासायची तर तिच्या वायरी कंट्रोलरमधून सोडवून मोजा, 12 व्होल्टची प्लेट उन्हात 20 च्या आसपास दाखवते. जोडलेली असताना मोजली तर 13-14 च दिसतं, पीडब्ल्यूएममध्ये ते तसंच असतं, त्यावरून प्लेट खराब झाली असं समजू नका.

बॅटरी चांगली असून लोड, म्हणजे कंट्रोलरवरून चालणारे बल्ब वगैरे, बंद असेल तर थोडं थांबा. बॅटरी साधारण 11 पर्यंत उतरली की कंट्रोलर लोड तोडतो आणि साडेबाराच्या वर चढल्याशिवाय परत देत नाही. इन्व्हर्टर मात्र लोडच्या स्क्रूला कधीच जोडू नका, तो थेट बॅटरीवर, मधे फ्यूज टाकून, नाहीतर कंट्रोलर खरंच जळेल.

साफसफाई करताना आधी लोड बंद, मग प्लेट काढा, बॅटरी सगळ्यात शेवटी. जोडताना उलटं, आधी बॅटरी, कारण बॅटरी नसताना प्लेट लावली तर काही कंट्रोलर 12 चं 24 समजून बसतात. टर्मिनल खायच्या सोड्याच्या पाण्याने ब्रशने घासा, ते पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका, कोरडं करून थिंबल घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. पाना दोन्ही टर्मिनलला एकदम लागू देऊ नका, ठिणगी उडते आणि चार्ज होताना बॅटरीतून निघणारा गॅस पेट घेतो.

पाण्याची बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा लेव्हल बघा, फक्त डिस्टिल वॉटर टाका, बोअरचं अजिबात नाही. आणि कंट्रोलरच्या डब्यात मुंग्या घर करतात, मृगाच्या आधी एकदा उघडून, सगळे स्क्रू आवळून, वायरीची भोकं बंद करून घ्या.