डॉक्टर न होता आरोग्यक्षेत्रात करिअर: या चुका टाळा

‘लोकांना निरोगी जगायला शिकवायचंय’ हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण त्याचा पगार कोणी देत नाही. पगार मिळतो तो ठरावीक कामाचा: सवयी बदलायला साथ देणारा हेल्थ कोच, आरोग्य शिक्षक, कंपनीतल्या वेलनेस कार्यक्रमाचा समन्वयक, रुग्णाला उपचारांच्या गुंत्यातून वाट काढून देणारा, आरोग्याच्या आकडेवारीचं विश्लेषण करणारा. या कामांची कौशल्यं एकमेकांपासून बरीच लांब आहेत. आकड्यांत रमणाऱ्या माणसाने कोचिंगचा कोर्स करायचा आणि लोकांच्या त्याच त्या सबबी ऐकून वैतागायचं, हे नेहमीचंच. फी भरण्याआधी त्या पदावरच्या कोणाला तरी गाठून त्याचा आठवडा कसा जातो ते विचारा.

सर्टिफिकेटांचा ढीग ही त्यातूनच येणारी चूक. दोन दिवसांत ‘तज्ज्ञ’ बनवणारे कोर्स भरपूर आहेत. त्याउलट अमेरिकेतलं नॅशनल बोर्ड फॉर हेल्थ अँड वेलनेस कोचिंग परीक्षेआधी मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि 50 कोचिंग सत्रांची नोंद मागतं. तुम्ही ती परीक्षा द्याच असं नाही, पण कोर्स निवडताना एवढं बघा: प्रत्यक्ष सराव करून घेतात का, आणि त्यावर कोणी चुका काढतं का?

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र सीमा ओलांडण्याची. आणि ती मुद्दाम कोणी करत नाही. क्लायंटचा मेसेज येतो, ‘साखर आता आटोक्यात आहे, गोळी बंद करू का?’ तुम्हाला कौतुक वाटतं आणि हात ‘हो, काही हरकत नाही’ टाइप करायला लागतो. तिथेच थांबायचं. उत्तर असं जावं: ‘रीडिंग चांगली आली, छान. गोळीचं मात्र डॉक्टरच ठरवतील. गेल्या काही आठवड्यांची रीडिंग एका कागदावर लिहून त्यांना दाखवा. ते बोलेपर्यंत गोळी चालू ठेवा.’

गोळीला हात न लावताही गोंधळ होतोच, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. इन्सुलिन घेणाऱ्याला तुम्ही उपवास सुचवला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं वॉरफरिन घेणाऱ्याने एकदम हिरव्या पालेभाज्यांचा मारा केला, तर त्यातल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम कमी होतो. म्हणून पहिल्याच भेटीत चालू औषधांची यादी घ्या. यादीतल्या औषधाबद्दल शंका आली तर आहारात बदल सुचवण्याआधी डॉक्टरांकडे पाठवा. छातीत दुखणं किंवा जिवाचं बरंवाईट करून घेण्याचे विचार असं काही बोलण्यात आलं, तर त्या दिवशी कोचिंग नाही. तातडीची मदत. चुकीचा सल्ला आधीच दिला असेल तर सारवासारव न करता त्याच दिवशी क्लायंटला कळवा आणि काय सांगितलं होतं ते लेखी देऊन डॉक्टरांकडे पाठवा.

उपदेशाबद्दल फार लिहायला नको. सिगारेट वाईट हे ओढणाऱ्यालाही माहीत असतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडलेली मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची पद्धत शिकून घ्या. त्यात बदलाची कारणं माणसाच्याच तोंडून येतात.

‘समग्र आरोग्य’ म्हणताना त्याचा अर्थ योग, ध्यान आणि सुगंधी तेलं इतकाच धरणं हीदेखील चूकच. रात्रपाळी करणाऱ्याला ‘लवकर झोपा’ सांगून काय उपयोग? जागतिक आरोग्य संघटनेच्या 1986 च्या ओटावा जाहीरनाम्यात वैयक्तिक कौशल्यांच्या बरोबरीने धोरणं आणि पोषक वातावरण यांचाही उल्लेख आहे. त्यामुळे कंपनीसाठी काम करत असाल तर व्याख्यान ठेवण्याआधी पाळ्यांचं वेळापत्रक मागून बघा. माझ्या मते समन्वयकाची खरी कसोटी तिथेच लागते, कारण व्याख्यानाला कोणाची ना नसते. वेळापत्रक म्हटलं की कपाळावर आठ्या पडतात.

शेवटची चूक आकड्यांची. ‘कार्यक्रमात आलेले कर्मचारी न आलेल्यांपेक्षा निरोगी आहेत’ असा तक्ता अहवालात दिमाखात लावला जातो. पण मुळात येतात कोण? अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात सुमारे 5 हजार कर्मचाऱ्यांवर अशाच वेलनेस कार्यक्रमाचा प्रयोग झाला. कोणाला कार्यक्रम द्यायचा हे तिथे सोडतीने ठरवलं होतं. नेहमीच्या पद्धतीने तुलना केली तर भाग घेणारे सरस दिसत होते. सोडतीप्रमाणे गट पाडल्यावर वैद्यकीय खर्चात लक्षणीय फरक उरला नाही. ज्यांची तब्येत आणि सवयी आधीपासून बऱ्या, त्यांचीच हजेरी जास्त होती. तेव्हा कार्यक्रम सुरू होण्याआधीचे आकडे सगळ्यांचे घ्या, न येणाऱ्यांचेही. आकडे गोळा करताना लेखी संमती घ्या, आणि व्यवस्थापनाला नावांशिवायची बेरीजच द्या. गट दोन-चार जणांचाच असेल तर तीही देऊ नका. त्यातून कोण कोण ते कोणीही ओळखेल.