घरातलं माणूस गेल्यावर कागदपत्रं आणि पैशांचं काय, कधी, कसं करावं

घरात माणूस गेलं की तेराव्याच्या आतच कुणीतरी कागद पुढे करतं. "इथे फक्त सही कर, नंतर धावपळ नको." ही सही त्या दिवसांत करू नका. मृत्यूची नोंद सोडली, तर पहिल्या दोन आठवड्यांत सही केलीच पाहिजे असं सहसा काही नसतं.

मृत्यूची नोंद

ही नोंद २१ दिवसांच्या आत मोफत होते. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर दवाखाना कळवतो. घरी झाला असेल तर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेला घरच्यांनी कळवायचं. उशीर झाला तर शुल्क लागतं, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. दाखला हातात आल्यावर तिथेच नाव वाचा. आधार, पॅन आणि पासबुकावर जसं नाव आहे तसंच दाखल्यावर हवं. वडिलांच्या नावातलं एक अक्षर चुकलं तरी पुढे प्रत्येक खिडकीवर प्रतिज्ञापत्र मागतात. आठ-दहा मूळ प्रती एकदमच काढून ठेवा.

पैसा कुठे कुठे आहे ते शोधा

मोबाइल आणि सिमकार्ड लगेच बंद करू नका. हप्ते, एसआयपी, विम्याचे प्रीमियम, व्याज यांचे मेसेज त्यावर येत राहतात आणि कुणाला माहीत नसलेली गुंतवणूक त्यातून सापडते. एटीएम कार्ड किंवा ओटीपी वापरून खात्यातून पैसे मात्र काढू नका. तो पैसा आता सगळ्या वारसांचा आहे, आणि घरातले वाद बऱ्याचदा याच व्यवहारावरून सुरू होतात.

पासबुक भरून आणा आणि मे-जूनच्या नोंदी नीट पाहा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती पंतप्रधान जीवनज्योती विमा योजना असते. मृत्यूचं कारण कोणतंही असो, तिच्यात दोन लाख रुपये मिळतात. २० रुपये कापलेले असतील तर ती सुरक्षा विमा योजना, म्हणजे अपघाती मृत्यूसाठी दोन लाख. खात्यातून आपोआप कापली जाणारी ही रक्कम अनेक घरांत कुणाच्या लक्षातच नसते. दावा त्याच बँकेच्या शाखेत, लवकरात लवकर करा. माणूस नोकरीत असताना गेला असेल तर भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शनसोबत ईडीएलआय विम्याचीही (भविष्य निर्वाह निधीशी जोडलेला आयुर्विमा) चौकशी करा. त्यात सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. जुनी, विसरलेली बँक खाती रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर शोधता येतात.

बँक

नॉमिनी असेल तर दावा अर्ज, मृत्यू दाखला आणि नॉमिनीचं ओळखपत्र एवढ्यावर काम होतं. नॉमिनी नसेल तरी घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार १५ लाखांपर्यंतच्या (सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंतच्या) रकमेसाठी सोपी पद्धत ठरवून दिली आहे. वारसांमध्ये वाद नसेल तर त्यासाठी न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र लागत नाही. सगळी कागदपत्रं दिल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा असतो. म्हणून अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्याच.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगा. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, पण त्यावर हक्क वारसांचा असतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. सोसायटीतल्या फ्लॅटचंही तसंच: भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) नॉमिनीचं नाव लागलं म्हणून बाकीच्यांचा वाटा संपत नाही. आयुर्विम्यात मात्र जोडीदार, मुलं किंवा आई-वडील नॉमिनी असतील तर २०१५ पासून ती रक्कम सहसा त्यांचीच होते.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असलेली आई या सगळ्यांना त्याच्या मालमत्तेत सारखा वाटा मिळतो. आईचं नाव यादीतून हमखास सुटतं. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी यांचे नियम वेगळे आहेत.

सातबारा आणि हक्कसोड

शेतजमीन असेल तर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) द्या. 'ई-हक्क' वरून ऑनलाइनही देता येतो. सोबत मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते आणि प्रतिज्ञापत्र लागतं. मग नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, प्रमाणित करतात. त्या यादीत लग्न झालेल्या मुलींसह सगळ्यांची नावं आली पाहिजेत. वारस नोंद म्हणजे वाटणी नाही. नाव लावल्याने कुणाचं काही जात नाही, आणि वाटणी पुढे सवडीने करता येते.

हक्कसोडपत्राचं, म्हणजे वारसाने आपला हिस्सा सोडल्याच्या दस्ताचं, मात्र तसं नाही. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं की बहिणीचा हिस्सा गेला, आणि तो परत मिळवायचा तर दिवाणी दावा लावून फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो. बहिणीला मनापासून हक्क सोडायचा असेल तर तो तिचा अधिकार आहे. पण आधी तिला सातबारा, आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि जमिनीचा अंदाजे भाव दाखवा, स्वतःच्या वकिलाला विचारू द्या, सहा महिने जाऊ द्या. सुतकात, रडत्या डोळ्यांनी घेतलेल्या सहीमुळे माहेर तुटलेल्या बायका गावोगाव आहेत.

कर्ज आणि कर

वसुलीवाले दारात आले तर लक्षात ठेवा: मृताचं कर्ज वारसांना मिळालेल्या मालमत्तेपुरतंच फेडावं लागतं, स्वतःच्या पगारातून नाही. तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार असाल तर गोष्ट वेगळी. गृहकर्जासोबत विमा घेतला होता का, हे बँकेला लेखी विचारा.

भारतात वारसा कर नाही. पण मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न करपात्र असेल तर वारसाने आयकर पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून विवरणपत्र भरायचं असतं. परतावा येणार असेल तर तोही याच मार्गाने मिळतो. म्हणून पॅन सगळ्यात शेवटी रद्द करा. गाडी, वीजबिल, गॅस, रेशनकार्ड यांची नावं त्याच्या आधी, जमेल तशी बदलून घ्या.