डीएनए जुळला, आता नातं ताडून बघा

चाचणीत नवा नातेवाईक जुळला की आधी सेंटिमॉर्गनचा, म्हणजे दोघांचा किती डीएनए सारखा आहे त्या मापाचा, आकडा बघा. सख्ख्या चुलत-मामे भावंडांत तो साधारण 850 च्या आसपास, त्यांच्या मुलांमध्ये आपसांत 230 च्या घरात. पण घराण्यात मामाची मुलगी करायची चाल असेल तर आकडा फुगतो, लांबचं नातं जवळचं वाटतं. म्हणून तुमच्याशी आणि त्या नव्या नातेवाईकाशी, दोघांशीही जुळणारी माणसं आजोळची की वडिलांकडची, ते पाहा. नमुना शक्यतो घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा द्या. आमच्या नौपाड्याच्या घरी आजीची लाळ पाठवली. आधी अर्धा तास चहा बंद, तिनं घर डोक्यावर घेतलं! मग मूळ गाव, कुलदैवत आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वहीतली नावं पडताळा.