मुंबई-गोवा क्रूझवर शांत जागा कशी शोधायची

बोर्डिंग झालं की सगळं पब्लिक वर पूल डेककडे पळतं, तुम्ही नका जाऊ. आधी लिफ्टजवळ लावलेला डेक प्लॅन बघा नि त्याचा फोटो काढून ठेवा. लाइफबोटी टांगलेल्या असतात त्या मजल्यावर बाहेरून चालायला जागा असेल तर तीच पकडा, कारण तिथे स्पीकर बहुतेक नसतात आणि खाली पाण्याचा आवाज मस्त ऐकू येतो.

आता खरी ट्रिक. जहाज दक्षिणेला जात असतं म्हणजे मावळतीचं ऊन उजव्या बाजूला, सनसेटचे फोटो काढायला सगळे तिकडेच गर्दी करतात, तेव्हा डावी बाजू मोकळी असते, सावली पण असते आणि किनारा जवळ असला तर कोकणातले डोंगर पण दिसतात!! परतताना अर्थात उलटं.

सकाळी साडेसहाला चहा घेऊन बाहेर या, रात्री पार्टी केलेले सगळे झोपलेले असतात. दुपारी लाउंज किंवा बार उघडा असेल तर तिथे खिडकीजवळ बसा. गोव्यात जहाज थांबलं की बरेच जण उतरतात, गोवा आधी पाहिलं असेल तर खुशाल बोटीवरच थांबा. आणि केबिन बुक करताना वर-खाली दोन्हीकडे केबिनच आहेत ना ते बघा, पूलखालची अजिबात घेऊ नका.