माडाच्या पातीतला केटुपात

केटुपात म्हणजे पातीच्या विणलेल्या डबीत उकडलेला भात. इंडोनेशियात, जावातल्या योग्यकर्त्याला नोकरीत असताना शेजारच्या इबूंनी (तिथे मोठ्या बाईंना आदराने असं म्हणतात) हा विणायला शिकवला. नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याला आधीच सांगा, पात कोवळी, पिवळसर हवी, हिरवी मोडते. पातीची मधली ताठ काडी, म्हणजे हीर, काढा. दोन पाती पंजाभोवती तीन-तीन वेढे देऊन एकमेकींत उभ्या-आडव्या ओवा, डबी होते. धुतलेले सुरय (न उकडलेले) तांदूळ अर्धेच भरा. मी पहिल्यांदा गच्च भरले, डबी फाटून टोपात पेज झाली! बुडेल इतक्या पाण्यात चार-पाच तास उकळा, टांगून निथळा.

जावात रमजान ईदनंतर आठवड्याने केटुपाताचा वेगळा सण असतो. प्रथेचं श्रेय तिथले मुस्लिम संत सुनान कालिजागा यांना देतात, आणि 'कुपात'ची (केटुपातचं जावानी नाव) फोड 'ङाकु लेपात', म्हणजे चूक कबूल, अशी करतात. म्हणून आधी माफी, मग जेवण. गोव्यात, फोंड्यात मी तो खतखत्यासोबत (मिश्र भाज्यांचं कालवण) वाढते. इबू हसतील बहुतेक.