ओली तैलचित्रं फ्रान्सहून न चिकटवता कशी आणली

आधीच्या खेपांना घरी बॅग उघडली की चित्रं एकमेकांना चिकटलेली, आकाशावर वर्तमानपत्राची अक्षरं उमटलेली. मध्ये बटर पेपर घालून पाहिला, तोही रुतला. आठवडाभर वाळवली तरी टायटॅनियम पांढरा वरून कोरडा, आत लोणी. वेतॉय या फ्रेंच गावातल्या चर्चचं चित्र असं पुसलं गेलं तेव्हा रडूच आलं. (चित्रकार मोने १८७८ ते १८८१ याच गावात राहिला होता.)

या खेपेला जमलं ते असं. चित्रं काढायच्या सगळ्या फळ्या एकाच मापाच्या, २० बाय २५ सेंटिमीटर. पांढरा फक्त अल्किडचा (तेलरंगासारखाच, पण लवकर वाळणारा रंग). पातळ लावला तर साधारण दिवसभरात हाताला लागत नाही. चारही कोपरे नखाएवढे कोरे सोडायचे. शेवटचे दोन दिवस नुसती पेन्सिल. मग वाइनच्या बुचाच्या ५ मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापून (बुचांना तिकडे तोटा नाही) कोऱ्या कोपऱ्यांवर ठेवल्या, दोन फळ्या तोंडाला तोंड लावल्या, कडेने मास्किंग टेप घट्ट गुंडाळली. जोड्या केबिन बॅगेत उभ्या.

रंग पातळ करायचं टर्पेंटाइन मात्र नेऊ नका. विमानात कुठल्याच सामानात चालत नाही. तिकडे हार्डवेअरच्या दुकानात त्याऐवजी चालणारं व्हाइट स्पिरिट मिळतं.

मुंबईत टेप सोडली. आठही चित्रं शाबूत, एकावर फक्त बुचाचा भुगा.