ठाण्याहून कॅम्पर घेऊन निघताय? रूट असा ठरवा आणि समुद्र डावीकडे ठेवा

आम्ही भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन कोकणात जाऊन आलो तेव्हापासून सोसायटीतले तीन-चार जण विचारतायत की रूट कसा ठरवलास, तर एकदाच नीट लिहून टाकतो. कॅम्पर, आरव्ही, कॅरॅव्हॅन काहीही म्हणा, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, आपल्याकडे बहुतेक वेळा मिळते ती टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेलीच असते.

सगळ्यात आधी टेप घ्या आणि गाडी मोजा. मालक सांगतो ती उंची टपावरचा एसी सोडून असते, आमची एसीसकट साडेनऊ फूट भरली म्हणजे साधारण 2.9 मीटर, आणि लांबी वीस फुटांच्या वर. दोन्ही आकडे कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा, कारण समोर लोखंडी कमान आली आणि मागून हॉर्न वाजायला लागले की फूट-मीटरचं गणित कोणालाच सुचत नाही.

आता मेन मुद्दा. मॅपवाल्या ॲपला तुम्ही कारमध्ये बसलाय असंच वाटत असतं, त्याला तुमच्या टपाशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे माझी एकच टेस्ट आहे, या रस्त्याने एसटी जाते का? मोठी लाल गाडी रोज जात असेल तर वळणं, पूल, खाली आलेल्या फांद्या, लोंबणाऱ्या वायरी सगळं आपोआप तपासलेलं असतं. स्टँडवरच्या चौकशी खिडकीत विचारा नाहीतर टपरीवर चहा पिणाऱ्या ड्रायव्हरला विचारा, पण "मोठी गाडी जाते की मिनी?" असं विचारा, काही गावांत फक्त मिनीच जाते.

हे आम्ही दापोलीच्या बाजूला एका गावात शिकलो. मॅपने चार किलोमीटर वाचवून देतो म्हणून खालच्या गल्लीत घातलं, दोन्ही बाजूला जांभ्याचे गडगे, वर पोफळीच्या झावळ्या, आणि वळणावर नेमका आत झुकलेला विजेचा खांब. पुढे जायला जागा नाही आणि रिव्हर्स अख्खी गल्ली. एक आजी हातात कोयती घेऊन बाहेर आल्या, दोन मिनिटं नुसत्या बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अवो येष्टी वरच्या रस्त्यानं जाते, तुमी हितं कशाला शिरलाव?" मग त्यांनीच "येऊ द्या, येऊ द्या, व्हय" करत मागे काढून दिलं. डावा आरसा तिथेच राहिला.

दुसरी गोष्ट दिशा, आणि ही कोणी सांगत नाही. सगळे ठाण्याहून निघून अलिबाग, मुरुड करत किनाऱ्याने खाली उतरतात आणि परत येताना हायवे पकडतात. उलटं करा. जाताना पनवेल, माणगाव, महाड, कशेडी बोगदा, चिपळूण असं करत थेट गुहागर गाठा आणि येताना किनाऱ्याने वर या. आपण डावीकडून चालवतो आणि उत्तरेकडे येताना समुद्रही डावीकडे असतो, म्हणजे चांगली जागा दिसली की समोरची गाडी बघत रस्ता ओलांडायची भानगड नाही, सरळ कडेला घ्यायची. शिवाय कॅम्परचा दरवाजा डावीकडे, तो उघडला की समोर पाणी. श्रीवर्धन ते दिवेआगर शेखाडीवरून जाणारा रस्ता पाण्याला अगदी चिकटून आहे, तो तर असाच बघायचा, आणि सावकाश. अख्ख्या ट्रिपमधला माझा सगळ्यात आवडता तुकडा तोच.

या रूटवर तीन खाड्या फेरीने ओलांडायच्या, धोपावे-दाभोळ, वेसवी-बागमांडला आणि दिघी-आगरदांडा. सागरी महामार्गाचे पूल होतील तेव्हा होतील, तोपर्यंत ही जंगलजेटीच, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट. कारला काही होत नाही, पण कॅम्परची शेपटी मागच्या चाकांच्या बरीच मागे आलेली असते, ओहोटीला रॅम्प उताराचा झाला की ती शेपटी खाली घासते. आमचा सांडपाण्याचा पाइप असाच खर्रकन घासला. म्हणून भरतीच्या आसपास पोचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण मिळते, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, थोडं इकडेतिकडे धरायचं. अमावस्या-पौर्णिमेला संध्याकाळी पाच-सहाला ओहोटी एकदम खोल असते, तेव्हा घाई करू नका. आणि खलाशी थांब म्हणाला की थांबा.

अंतर. किनाऱ्याच्या रस्त्याने ताशी पंचवीस-तीसच्या वर ॲव्हरेज धरू नका, दिवसाला शंभर किलोमीटर खूप झाले. आम्ही पहिल्या दिवशी गुहागरला अंधार पडल्यावर पोचलो आणि समुद्र दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला, पण तो दिवस हायवेचाच होता, चालतं.

कोकण नको असेल तर दोन-तीन दिवसांचा मस्त गोल आहे, कसारा घाट चढून घोटी, भंडारदरा, मग राजूर, कोतूळ, ओतूर आणि माळशेज उतरून मुरबाड, कल्याण. माळशेज उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच, नुसत्या ब्रेकवर राहिलात तर वास येईल. पण जुलै-ऑगस्टमध्ये धुकं आणि दरडी, तेव्हा मी नाही जाणार. महाडहून भोरला जाणारा वरंधा घाट तर पावसाळ्यात बऱ्याचदा बंदच ठेवतात. आणि मे अखेरीला काजव्यांच्या नावाने भंडारदऱ्याला जी गर्दी होते त्यात वीस फुटी गाडी घालू नका, वळवायला जागा मिळणार नाही. नुसतं लांब जायचं असेल तर समृद्धी महामार्ग आहेच, भिवंडीजवळ आमण्याला चढलं की झालं, पण तो पोचायचा रस्ता, बघायचा नाही.

रात्री गाडी वाळूत घालायची नाही, कितीही रील बघितले असले तरी. चाकं रुततात आणि वर भरती. एखाद्या खानावळीत विचारा, "अंगणात लावू का, जेवण तुमच्याकडेच", बहुतेक वेळा हो म्हणतात, प्लगपण देतात, वर सोलकढी वेगळी. एमटीडीसीची हरिहरेश्वर, माळशेज, भंडारदरा इथे रिसॉर्ट आहेत, तिथे आधी फोन करून पार्किंगचं विचारून ठेवा.

आणि शेवटचा टप्पा रविवारी दुपारी ठेवू नका. आम्ही तीन वाजता अलिबाग सोडलं आणि पोयनाडच्या पुढे गाडी हलेचना, शेवटी कडेला घेतली, चहा टाकला, पांढऱ्या कांद्याची माळ विकत घेतली आणि ट्रॅफिक बघत बसलो. ठाण्यातलं माजिवडा आलं तेव्हा पावणेदहा वाजले होते.